डावीकडे मारणारी रायफल

सुलो हौतामाकीची रायफल डावीकडे मारते, हे हेमलॉक क्रीकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक असायचं कारण एवढंच, की सुलोने ते प्रत्येकाला जातीने सांगितलं होतं. सहकारी दुकानात खिळे घ्यायला आलेल्यांना सांगितलं होतं, चर्चच्या दारात हात मिळवणाऱ्या पास्टरांना सांगितलं होतं, आणि एकदा दाढ काढून घेताना तोंडात कापसाचा बोळा होता तरी डाव्या हाताच्या खुणा करून दातांच्या डॉक्टरलाही सांगितलं होतं.

दुकान फिनलंडहून अमेरिकेत येऊन वसलेल्या, गावातल्या फिन लोकांच्या सहकारी संस्थेचं. लढाई संपून सुलो घरी आला तेव्हापासून तो तिथे लोखंडी सामानाच्या काउंटरमागे उभा होता. लढाईत तो स्वयंपाकी होता. त्याने दोन खंडांत बटाटे सोलले आणि एकही गोळी न झाडता पदक घेऊन परत आला. दुकानात खिळे, कुऱ्हाडी, कंदिलाच्या काचा आणि काडतुसं ही त्याची खाती. आता काडतुसं विकता विकता माणूस सल्लाही द्यायला लागतोच. नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला की सुलोच्या काउंटरपुढे गर्दी व्हायची. कुठल्या जंगलात कुठली गोळी, दुर्बीण किती घट्ट बसवायची, कडाक्याच्या थंडीत बंदुकीचं तेल कसं गोठतं, आडव्या वाऱ्यात नेम किती सरकवायचा, सगळं सुलो सांगायचा. आणि मुख्य म्हणजे बरोबर सांगायचा. त्याचा सल्ला घेऊन गेलेले लोक हरणं मारून आणायचे आणि त्याला कलेजी नेऊन द्यायचे.

काउंटरच्या वर भिंतीवर नऊ टोकांच्या शिंगांचं एक मुंडकं लावलेलं होतं. ते सुलोने लढाईवरून परतल्यावर पहिल्याच मोसमात मारलेलं. त्या एका मुंडक्याच्या भांडवलावर त्याने तीस वर्षं सल्ल्याचा धंदा केला. मधल्या काळात दोन-चार हरणं पडलीही होती, पण अलीकडे बरेच मोसम त्याच्या गोळीने जंगलातली झाडंच काय ती जखमी होत होती. सुरुवातीला त्याने काडतुसांच्या दारूवर ठपका ठेवला. पण ती दारू तो स्वतःच विकत होता, तेव्हा ते फार दिवस चाललं नाही. मग दुर्बीण बदलली. मग चष्मा बदलला. एका वर्षी त्याने हरणांनाच दोष दिला; त्याच्या मते हरणं आता पूर्वीसारखी उभी राहत नव्हती. शेवटी रायफल डावीकडे मारते यावर तो स्थिरावला. कारण सोपं होतं, तपासायला अवघड होतं आणि रायफल उलटून बोलत नव्हती.

खरं काय ते सुलोला माहीत होतं, किंवा निदान तसं त्याला वाटत होतं. चाप ओढायच्या क्षणी आत काहीतरी व्हायचं आणि पुढचं त्याला काही दिसायचं नाही. मोठा आवाज व्हायचा, आणि पुन्हा दिसायला लागलं की हरणाचं पांढरं शेपूट झाडांत नाहीसं होत असायचं. त्या नऊ टोकांच्या हरणाच्या वेळीही असंच झालं होतं. फरक इतकाच, की त्या वेळी पुन्हा दिसायला लागलं तेव्हा हरीण आडवं पडलेलं होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सुलोचा कॅम्प म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला लाकडी ओंडक्यांची एक खोली, एक शेगडी, पाच बाकडी आणि एक सौना, म्हणजे फिन लोकांची वाफेची न्हाणी. मोसमाच्या आदल्या दिवशी तिथे सुलो धरून पाच जण जमायचे. सुलोचा मेहुणा व्हर्नर लाहती, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. बर्फ काढायचा ट्रक चालवणारा उर्हो. खाणीतून निवृत्त झालेला डिक पेंगेली, जो फिन नसूनही सौनात सगळ्यांच्या वरच्या, सर्वांत गरम फळीवर बसायचा. आणि ओन्नी नावाचा एक गृहस्थ, जो बहुतेक वेळ झोपलेला असायचा. या कॅम्पातही सहकाराचंच तत्त्व होतं. प्रत्येकाने संध्याकाळी आपलं कारण आणून जमा करायचं आणि बाकीच्यांनी ते तपासणी न करता मंजूर करायचं. पेंगेलीचं हरीण नेमक्या वेळी बर्चच्या झाडामागे जायचं. व्हर्नरचा हातमोजा चापात अडकायचा. ओन्नीला हरीण दिसायचं, पण ते शेजाऱ्याच्या हद्दीत असायचं. कोणी कोणाला उलट प्रश्न विचारायचा नाही. कॅम्पात खरोखरचं मांस शिजायचं ते उर्होमुळे, कारण त्याचा ट्रक वर्षाला एखादं तरी हरीण रस्त्यावर उडवायचा. कॅम्पातलं सर्वांत अचूक हत्यार म्हणजे उर्होचा बंपर, असं सुलोची बायको सायमा म्हणायची. पण ती बाई होती आणि तिला कॅम्पात प्रवेश नव्हता.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं. पण त्या वर्षी सप्टेंबरात रायफल पडली.

ती वर्षभर घरच्या सौनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे काढून ठेवायच्या खुंट्यांच्या वर टांगलेली असायची. सुलोच्या वडिलांची बंदूक तिथेच असायची म्हणून सुलोचीही तिथेच. शनिवारी संध्याकाळी सौना तापला की खोलीभर वाफ व्हायची, आणि उरलेला आठवडा ती खोली पुन्हा कोरडीठाक. एका शनिवारी सुलो टॉवेल ओढायला गेला आणि टॉवेलाबरोबर रायफलही खाली आली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मुठीच्या जागी, जिथे तो सर्वांत बारीक असतो तिथे, लांबलचक चिरला.

दुसऱ्या कोणाची असती तर त्याने पलीकडच्या गावातल्या बंदूकवाल्याकडे नेली असती. सुलोला ती सोय नव्हती. दस्ता कसा जोडायचा हे तो काउंटरवरून लोकांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता, आणि त्यासाठी लागणारा दोन डब्यांतला, एकत्र कालवून लावायचा डिंक स्वतःच्या हाताने विकत आला होता. तेव्हा दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, त्याने दुकान उघडून एक डबेजोडी घरी आणली, तळघरातल्या बाकावर रायफल उताणी ठेवली आणि दस्ता सुटा करण्यासाठी खालचे स्क्रू काढले. तीस वर्षांत ते त्याने कधी काढले नव्हते.

लोखंड लाकडातून उचललं आणि तो बघतच राहिला. नळी दस्त्याच्या ज्या पन्हळीत बसते तिथे चारी अंगांनी थोडी फट असायला हवी, एखादी नोट सरकवली तर ती न अडता मागेपर्यंत जायला हवी. हे तो लोकांना सांगायचाच. इथे उजव्या बाजूला पन्हळीचा काठ फुगून आत वळला होता. नळीच्या काळ्या रंगावर, त्याच जागी, घासून घासून एक चकचकीत पट्टा उमटला होता. म्हणजे सौनाच्या वाफेने लाकूड फुगत होतं, वाकत होतं, आणि दर गोळीला नळीला उजवीकडून ढोसत होतं. नळी जाणार कुठे?

सुलोने ते दोनदा तपासलं. मग तो जिना चढून वर आला. सायमा वेलची घातलेल्या पावाची कणीक मळत होती.

"सायमा, ती खरंच डावीकडे मारते," तो म्हणाला.

"कोण?"

"रायफल. खरोखर डावीकडे मारते. मी आत्ता पाहिलं."

सायमाने हात थांबवले. "हे तू सात-आठ वर्षं सांगतोयस, हौतामाकी. मला वाटलं होतं तुला माहीत असेल." नवरा मूर्खपणा करतोय असं वाटलं की ती त्याला आडनावाने हाक मारायची.

तिला काय कळणार? इतकी वर्षं तो एक थाप मारत होता आणि ती थाप खरी निघाली होती. नकली नाणं म्हणून आयुष्यभर चोरून चालवावं आणि सराफाने ते अस्सल सोनं आहे म्हणून सांगावं, असं त्याला झालं. त्या आनंदात त्याने करू नये ते केलं. सोमवारी दुकान उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत जो काउंटरवर आला त्याला त्याने नळीवरचा पट्टा, फुगलेलं लाकूड, वाफ आणि डावी बाजू असं सगळं साग्रसंगीत ऐकवलं. लोकांनी कौतुक केलं. पास्टरांनी दोन्ही हातांनी हात दाबला.

घरी जाताना त्याच्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. दुखणं सापडलं म्हणजे आता औषध करावं लागणार. औषध केलं म्हणजे रायफल सरळ मारणार. आणि रायफल सरळ मारायला लागली म्हणजे उरतो कोण? तो गाडीत तसाच बसून राहिला. एकदा त्याच्या मनात आलं, नुसती चीर जोडावी आणि फुगवटा तसाच ठेवावा. पण सकाळपासून निम्म्या गावाने त्याला एकच विचारलं होतं: मग आता दुरुस्त कधी करतोस?

तेव्हा त्याने दुरुस्ती काढली. आणि काम त्याने नीट केलं, हे सांगायलाच हवं. त्याच्या हातात कसब होतं. चिरेत डिंक भरून, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून त्याने मूठ जोडली; वाळल्यावर जोड हाताला लागेना. मग एका गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून पन्हळीचा फुगलेला काठ हळूहळू उतरवला, नोट पार मागेपर्यंत सरकेपर्यंत. उघड्या पडलेल्या लाकडाला ओल लागू नये म्हणून वॉर्निश दिलं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण लोखंडाचा मागचा जड भाग लाकडात जिथे बसतो तिथे डिंकाची गादी भरली की तो तसूभरही हलत नाही, नेम कायमचा बसतो, हेही तो लोकांना सांगत आला होता. आता स्वतःच्या रायफलीला ती गादी न भरून कसं चालेल?

त्या दिवशी व्हर्नर बघायला येऊन बसला होता. सुलोने डिंक कालवला, लाकडातल्या खाचेत भरला आणि मेणाची डबी हातात घेऊन व्हर्नरला समजावून सांगू लागला. या सगळ्या कामात मेण म्हणजे जीव की प्राण. लोखंडाला आधी मेण फासायचं, म्हणजे डिंक लाकडाला धरतो आणि लोखंडाला सोडतो. मेण विसरलास तर रायफल आणि दस्ता जन्माचे एक झाले समज. लोक इथेच चुकतात, घाई करतात. त्याने पलीकडच्या वस्तीतल्या एका विसरभोळ्या माणसाची गोष्टही रंगवून सांगितली. ती संपेपर्यंत डिंक घट्ट व्हायला लागला होता. सुलोने गडबडीने लोखंड उचललं, खाचेत दाबलं, स्क्रू आवळले आणि हात पुसले. मेणाची डबी अजून त्याच्या दुसऱ्या हातात होती, न उघडलेली.

व्हर्नरचं लक्ष डबीकडे गेलं. कॅम्पातल्या शिस्तीला जागून तो काही बोलला नाही. कॉफी संपवली, टोपी घातली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सुलोने ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, लाकडी हातोड्याने ठोकून पाहिलं. दस्ता आणि लोखंड असे चिकटले होते की देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, या पास्टरांनी लग्नात सांगितलेल्या शब्दांची आठवण व्हावी. ही वेळ दुसऱ्या कोणावर आली असती तर काय करायचं हेही सुलोला माहीत होतं: कडक गारठवायचं, म्हणजे लोखंड आकसतं आणि डिंक सोडतं. ऑक्टोबरातली थंडी त्याला पुरेशी नव्हती. त्याने दुर्बीण उतरवली, उरलेलं धूड जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलं, आणि सायमा चर्चच्या कामाला गेलेली पाहून तळघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये तळाशी, मासे ठेवतात तिथे, तिरपं घातलं.

सायमा एकटी परत आली नाही. शनिवारच्या चर्चच्या बाजारासाठी तिने करून फ्रीजरमध्ये ठेवलेले ब्लूबेरी-पाय, फळं भरून भाजतात ते, न्यायला चर्चचं महिला मंडळच बरोबर आलं होतं. पास्टरांच्या बायकोने, हिल्डुरबाईंनी, हौसेने फ्रीजरमध्ये हात घातला आणि ते लांब गाठोडं वर ओढलं. त्यांना वाटलं सरोवरातला ट्राउट मासा आहे. एवढा मोठा ट्राउट कोणी पकडला, असं कौतुकाने म्हणत त्यांनी टेबलक्लॉथ सोडला, आणि नळी थेट मंडळाच्या खजिनदारबाईंच्या पोटावर रोखली गेली. सुलो जिन्यावर उभा होता. खाली उतरावं की वर जावं हे त्याला ठरवता येईना.

सायमाने रायफलीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. "असू दे," ती शांतपणे म्हणाली, "यंदा शिकारीचं म्हणून निदान काहीतरी फ्रीजरमध्ये आलं."

बायकांनी ब्लूबेरी-पाय काढून घेतले आणि गाठोडं पुन्हा नीट बांधून जागेवर ठेवलं. रविवारी प्रवचनाच्या वेळी मागच्या बाकांवरून दोनदा खुदखुद ऐकू आली. पण गारठ्याने आपलं काम केलं. सोमवारी सुलोने नळीच्या बुडाशी हातोड्याचा एक हलका ठोका दिला, टक्कन आवाज झाला आणि लोखंड सुटून हातात आलं. खाचेत डिंकाची गादी उमटली होती, लोखंडाच्या प्रत्येक कंगोऱ्यासकट, आरशासारखी. मेण लावलं असतं तर मेणाच्या थराएवढी तरी फट राहिली असती. त्याच्या विसरभोळेपणाने हेमलॉक क्रीकमधली सर्वांत नेटकी गादी भरली होती.

मग दुर्बीण पुन्हा बसवून रायफल तपासायचा दिवस आला. खडीच्या खाणीत, टेकाडाला पाठ देऊन, व्हर्नरने पुठ्ठ्यावर कागदी बशी ठोकली. कॅम्पातले सगळे आले होते. ओन्नीसुद्धा जागा होता. वाळूच्या पोत्यांवर रायफल टेकवली आणि आधी उर्होने तीन गोळ्या झाडल्या, कारण सुलो म्हणाला की आपले हात गारठलेत. सगळे चालत बशीपाशी गेले. तिन्ही भोकं एकमेकांना खेटून, बशीच्या मधोमध. कोटाच्या बटणाखाली झाकली गेली असती.

पेंगेलीने टोपी काढून डोकं खाजवलं. एखाद्या भल्या माणसाच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखे ते पाच जण तिथे उभे होते.

"चांगली मारतेय," शेवटी उर्हो म्हणाला.

"हो ना," सुलो म्हणाला.

आता त्याला झाडणं भाग होतं. त्याने झाडल्या, आणि बशीवर एकही नवं भोक पडलं नाही. व्हर्नर लगेच म्हणाला, वारा सुटलाय. पेंगेली म्हणाला, नळी तापली असेल. झाडाचं पान हलत नव्हतं आणि नळीवर हात ठेवता येत होता, पण माणसं प्रेमाने बोलत होती. सुलो पुन्हा बसला. गाल दस्त्याला टेकवला, श्वास सोडला आणि चाप ओढला.

गोळी भरायची राहून गेली होती. नुसतं टिक झालं. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. आणि त्या शांततेत सुलोचं आख्खं अंग गचका बसल्यासारखं उडालं, खांदा पुढे गेला, नळीचं तोंड जमिनीकडे झुकलं आणि दोन्ही डोळे लहान पोराने औषध घेताना मिटावेत तसे घट्ट मिटले गेले. आजवर हे सगळं स्फोटाच्या आड दडत होतं. आज मधे काहीच नव्हतं.

त्याने डोळे उघडले तेव्हा चौघेही आकाशाकडे बघत होते. यंदा बर्फ लवकर पडणार की काय, असं ओन्नी म्हणाला, आणि त्यावर सगळे बराच वेळ मनापासून बोलले.

सुलो घरी आला आणि जेवला नाही. सायमाने दोनदा विचारल्यावर त्याने सांगितलं. डोळ्यांचं, गचक्याचं, आणि त्या नऊ टोकांच्या हरणाचंही. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. ती म्हणाली की लग्नाच्या फोटोतही त्याचे डोळे मिटलेले आहेत, फ्लॅशच्या वेळी. तेव्हा हा काही बंदुकीचा आजार नव्हे, जन्माचा आहे. आणि मग विचारलं की रिकाम्या रायफलीने सवय करता येते का. येते, हे सुलोने काउंटरवरून शेकडो पोरांना सांगितलं होतं.

त्यानंतर रोज दुकान बंद करताना तो दार आतून लावून घ्यायचा आणि रिकामी रायफल काडतुसांच्या फडताळावर टेकवून भिंतीवरच्या मुंडक्यावर नेम धरायचा. चाप ओढायचा. टिक. पहिले काही दिवस डोळे आपोआप मिटत होते. मग एक मिटायचा, एक उघडा राहायचा. मग एका संध्याकाळी टिक झालं आणि त्याला मुंडक्याच्या काचेच्या डोळ्यांवरची धूळ स्पष्ट दिसली, टिकच्या आधी आणि टिकच्या नंतरही. खिडकीबाहेरून जाणाऱ्या खजिनदारबाईंनी हे पाहिलं, आणि सुलो हौतामाकी मेलेलं हरीण पुन्हा मारायच्या खटपटीत आहे, अशी बातमी गावात पसरली.

मोसमाच्या पहिल्या सकाळी तो नेहमीच्या जागी, पडलेल्या हेमलॉकच्या झाडाच्या बुंध्याआड बसला होता. उजाडल्यावर थोड्या वेळाने सीडरच्या झाडीतून हरणाचा एक नर बाहेर आला. मोठा नव्हता, शिंगांना दोन-दोन टोकं होती. थांबला, बर्फाला नाक लावलं. सुलोने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला, आणि या खेपेला त्याने सगळं पाहिलं. नळीच्या तोंडाशी उडालेला धूर पाहिला. हरणाच्या पाठीवरचा बर्फ झटकल्यासारखा उडालेला पाहिला. पुढचे पाय आधी दुमडले, मग मागचे, आणि ते कुशीवर पडलं. शेपूट कुठेच पळालं नाही.

आनंद होईल असं त्याला वाटत होतं. तो झाला, पण जरा उशिरा आणि थोडासाच. इतकी वर्षं बंदुकीचा आवाज आणि हरणाचं पळून जाणं यांची त्याला जोडीने सवय झाली होती. हरीण पडून राहतं आणि आपल्याला त्याच्यापाशी चालत जावं लागतं, हा भाग तो विसरून गेला होता. तो गेला, गुडघे टेकून बसला, आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. मग चाकू काढला.

आवाज ऐकून उर्हो आला. त्याने हरणाकडे पाहिलं, सुलोकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणी मारलं?"

त्या संध्याकाळी कॅम्पात कांदा घालून कलेजी परतली होती, भरपूर लोण्यात. ट्रकखाली न आलेल्या हरणाची कलेजी या कॅम्पात बऱ्याच वर्षांनी शिजत होती. जेवण फक्कड झालं. पण बैठक काही जमेना. पेंगेलीने नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली, की आज एक मोठा नर आला होता आणि नेमका बर्चच्या झाडामागे... इथे त्याची नजर शेगडीजवळ टेकवलेल्या सुलोच्या रायफलीकडे गेली आणि तो थांबला. व्हर्नरने आपला हातमोजा उलटसुलट करून पाहिला आणि खिशात घातला. एक हरीण काय पडलं, पाच माणसांची बोलती बंद झाली. सुलोला अपराध्यासारखं वाटत होतं. आपण यांच्या पंक्तीतून उठून गेलो असं वाटत होतं, आणि परत कसं बसायचं ते त्याला कळेना.

वाट व्हर्नरनेच काढली. झोपताना, दिवा मालवल्यावर, तो अंधारात म्हणाला, "सुलो, माझ्याही दस्त्याचं एकदा बघशील का? मला कधीपासून वाटतंय, कुठेतरी टेकतोय."

"घेऊन ये," सुलो म्हणाला.

"माझाही," पेंगेलीचा आवाज आला. ओन्नी झोपला होता असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्यानेही दस्त्याचा विषय काढला.

नाताळच्या आत सुलोच्या तळघरातल्या बाकावर तीन रायफली आल्या. नवीन वर्षानंतर गावातल्या इतरांच्याही यायला लागल्या. सुलोने प्रत्येकीचे स्क्रू काढले आणि पन्हळीतून नोट सरकवून पाहिली. एखाद-दुसरी खरोखरच टेकत होती. ती त्याने नीट केली. बाकीच्या निर्दोष होत्या. व्हर्नरची तर इतकी सरळ होती, की तिने गोळी दुसरीकडे मारायची म्हटलं तरी तिला ते जमलं नसतं. नोट पन्हळीतून अशी गेली की जणू खाली लोणी होतं. सुलो ती हातात घेऊन बाकावर बसला आणि मेहुण्याला काय सांगावं याचा विचार करत राहिला. खरं सांगितलं असतं तर व्हर्नरला पुढचा मोसम कारणाच्या पांघरुणाशिवाय, उघड्या अंगाने काढावा लागला असता. सुलोने ते अनुभवलं होतं आणि त्याला रिकाम्या रायफलीचा, बंद दुकानाचा आणि सायमाचा आधार होता. व्हर्नरला काय होतं? व्हर्नरची बायको हसली असती.

आठवडाभराने व्हर्नर आला. सुलोने चिंध्यांत गुंडाळलेली रायफल त्याच्या हातात दिली आणि गंभीरपणे सांगितलं की होय, टेकत होती, उजव्या अंगाला, चांगलीच टेकत होती, एवढी टेकत असताना तू आजवर जे केलंस तेच पुष्कळ केलंस. व्हर्नरच्या चेहऱ्यावरून बरंच ओझं उतरलं. जाता जाता सुलोने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली: दुरुस्त केलेल्या दस्त्याला सवय लागायला हवी, तेव्हा रोज थोडा वेळ रिकाम्या रायफलीने चाप ओढत जा, आणि त्या वेळी डोळे उघडे ठेवून नळीकडे नीट लक्ष दे, कारण लाकूड हलतंय का ते तेव्हाच दिसतं. व्हर्नरने मान हलवली आणि तो रायफल छातीशी धरून बर्फातून निघून गेला.

सायमा जिन्याच्या वरच्या पायरीवर कणकेने माखलेले हात घेऊन उभी होती.

"काय झालं होतं तिला?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग आठवडाभर तू खाली काय करत होतास?"

"तेल लावत होतो," सुलो म्हणाला, आणि पेंगेलीच्या रायफलीचे स्क्रू काढायला बसला.